ट्रेडर होऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलांसाठी

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा किंवा मुलगी एके दिवशी घरी जाहीर करते की, मला ट्रेडिंगमध्येच करिअर करायचे आहे. अशा वेळी आपल्या घरांत साधारणतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक उत्तर आजोबांचे असते : हा सट्टा आहे, सप्तव्यसनांतले पहिले व्यसन द्यूत, ते आपल्या घरात चालायचे नाही. दुसरे उत्तर काकांचे असते : व्यापार तर आपल्या रक्तातच आहे, पाच लाख देतो, करून बघ, हळूहळू शिकशील. पहिल्या उत्तराने मूल गप्प बसते आणि मोबाइलवर चोरून सौदे करू लागते. दुसऱ्या उत्तराने ते उघडपणे करू लागते. वर्षअखेरीस हिशेब मांडला तर दोन्ही घरांत फारसा फरक दिसत नाही.

वास्तविक ट्रेडिंग हा आज शिक्षण, परीक्षा, उमेदवारी, वरिष्ठांची देखरेख आणि महिन्याचा पगार असलेला एक रीतसर पेशा आहे. त्याची तयारी महाविद्यालयाच्या तीन-चार वर्षांत करता येते. मात्र ती तयारी म्हणजे घरचे भांडवल घेऊन बाजारात उतरणे नव्हे. उलट असे उतरणे हे त्या पेशापासून दूर नेणारे पाऊल ठरण्याचीच शक्यता अधिक. असे का, हे आधी आकड्यांत पाहू. व्यापारी माणसाला आकड्यांची भाषा लवकर पटते.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे आणि ऑप्शन यांत सौदे करणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. तोट्याची सरासरी, खर्च धरून, माणशी सुमारे दोन लाख रुपये. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा ज्यांना मिळाला त्यांचे प्रमाण अवघे एक टक्का. पुढील वर्षाचा, म्हणजे २०२४-२५ चा आकडाही फारसा वेगळा नाही. त्या वर्षी ९१ टक्के लोक तोट्यात होते. आई-वडिलांनी थांबून वाचावा असा आकडा तिसराच आहे. या सौदेकऱ्यांत तिशीच्या आतील तरुणांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला.

मग पैसा गेला कुणाकडे? त्याच अभ्यासात उत्तर आहे. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३,००० कोटी आणि विदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी रुपयांचा ढोबळ नफा मिळवला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक नफा संगणकीय प्रणालीने केलेल्या सौद्यांतून आला होता. याचा सरळ अर्थ असा की, वसतिगृहातील खाटेवर बसून ऑप्शन विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या समोर बहुधा कुणी दुसरा विद्यार्थी नसतो. समोर असतो गणितज्ञांनी लिहिलेला आणि कायद्याने घालून दिलेल्या चौकटीत चालणारा संगणकीय कार्यक्रम. त्यामागे भांडवलाची मर्यादा ठरवणारी समिती, सौद्यांवर नजर ठेवणारा स्वतंत्र विभाग आणि हिशेब तपासणारा तिसरा विभाग. ट्रेडरचा पेशा आहे तो त्या बाजूला. आपल्या मुलाला त्या बाजूच्या खुर्चीवर बसायचे असेल, तर तिथे लागणाऱ्या गोष्टी शिकणे हीच तयारी.

'व्यापार रक्तात आहे' या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही; पण ते कुठवर लागू पडते, हे तपासले पाहिजे. पेढीवरचा व्यापार ओळखीवर चालतो. कोणता ग्राहक उधारी बुडवणार, कोणता पुरवठादार हलका माल देणार, हे दुकानदाराला माहीत असते आणि त्या माहितीतूनच त्याचा नफा येतो. शेअर बाजारात समोरचा कोण, हे कळत नाही. कळण्याची सोयच नसते. तेव्हा माणसे ओळखण्याचे घरचे कसब तिथे निरुपयोगी ठरते. दुसरीकडे, घरच्या काही सवयी मात्र लाखमोलाच्या ठरतात. रात्री गल्ला मिळवल्याशिवाय दुकान बंद न करणे, एका ग्राहकाला ठरलेल्या मर्यादेपलीकडे उधार न देणे, आणि पडून राहिलेला माल भाव उतरण्याआधी थोडे नुकसान सोसून काढून टाकणे, या सवयी मोठ्या बँकांना आपल्या ट्रेडरांना पगार देऊन शिकवाव्या लागतात. आपल्या मुलांनी त्या लहानपणापासून पाहिलेल्या असतात. मोबाइल हातात आला की विसरतात, एवढेच.

रक्तावर सारे सोपवता येत नाही याचा दाखला मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील आवारातच उभा आहे. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून झाला ते प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतेचे जैन, दलालांचे राजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशावर शहरात शेअरांचा उन्माद चढला. बॅकबे भरणी कंपनीसारख्या कंपन्यांचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जात होते. सौदे मुदतीचे होते. पैसे पुढे द्यायचे होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी मुदतीचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा देणेकऱ्यांकडे पैसे नव्हते. शहरातील धनिकांची घराणी एकामागून एक बुडाली. प्रेमचंदांसारखा बाजाराची नाडी ओळखणारा माणूसही त्यातून सुटला नाही. टॉवर पूर्ण झाला तो १८७८ मध्ये. राजाबाई या त्यांच्या मातोश्री. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम टॉवरच्या घंटेमुळे सांभाळला जावा, अशी त्यामागची इच्छा होती, असे सांगितले जाते. त्या टॉवरखालच्या ग्रंथालयात बसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने १८६५ चा इतिहास जरूर वाचावा. उसन्या पैशावर मुदतीचा सौदा म्हणजे काय, हे त्याहून सोप्या रीतीने कोणतेही पाठ्यपुस्तक समजावत नाही.

आता नोकऱ्या कुठे असतात ते पाहू, कारण बहुतेक घरांत याचीच कल्पना नसते. बँकांच्या ट्रेझरी विभागात सरकारी रोखे आणि परकीय चलन यांचे सौदे होतात. हा या पेशाचा सर्वांत जुना आणि शिस्तीचा भाग. म्युच्युअल फंडांत स्वतंत्र डीलर असतात, जे निधी व्यवस्थापकाचा निर्णय बाजारात कमीत कमी खर्चात अमलात आणतात. दलाली संस्थांत संस्थात्मक ग्राहकांचे डेस्क असते. स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या संस्थांत मुख्यत्वे गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्राची मुले घेतली जातात. तिथली निवड सर्वांत कठीण आणि पगारही सर्वाधिक. सोने, कापूस, खाद्यतेल या मालाच्या मोठ्या कंपन्यांत कमोडिटी डेस्क असते, आणि आपल्या समाजातील मुलांना तिथे घरच्या व्यवसायाचा खराखुरा उपयोग होतो. एक घरगुती अडचण येथेच सांगून ठेवावी. कमोडिटी बाजाराचे काम रात्री अकरा-साडेअकरापर्यंत चालते. चौविहार पाळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दुपारीच दुसरा डबा सोबत न्यावा लागेल. नोकरी पत्करण्यापूर्वी याचा विचार केलेला बरा.

या सर्व ठिकाणी समान असलेली पहिली अपेक्षा म्हणजे संभाव्यतेचे गणित. हा विषय बारावीत बहुतेक मुले गुणांपुरता करतात आणि विसरतात. ट्रेडरच्या मुलाखतीत तो पुन्हा समोर येतो, आणि गंमत म्हणजे येतो तो फाशाच्या रूपातच. नेहमीचा प्रश्न असा : एक फासा टाकायचा, जितके ठिपके पडतील तितके शंभर रुपये मिळतील, हा डाव खेळण्यासाठी जास्तीत जास्त किती पैसे द्याल? एक ते सहा यांची सरासरी साडेतीन, म्हणून ३५० रुपये. येथवर पुष्कळांना येते. मग परीक्षक म्हणतो, पहिला फासा आवडला नाही तर एकदा पुन्हा टाकण्याची मुभा आहे. आता किती द्याल? एक, दोन किंवा तीन पडले तरच पुन्हा टाकणे शहाणपणाचे. म्हणजे निम्म्या वेळा ३५० ची अपेक्षा, आणि उरलेल्या निम्म्या वेळा चार, पाच, सहा यांची सरासरी, म्हणजे ५००. उत्तर ४२५. हे ७५ रुपये त्या मुभेची किंमत आहेत, आणि ऑप्शनची किंमत म्हणजे तत्त्वतः हेच. परीक्षक तिथेही थांबत नाही. तो म्हणतो, मला दुतर्फा भाव द्या, किती रुपयांना घ्याल आणि किती रुपयांना विकाल? मुलाने ४१५ आणि ४३५ असा भाव दिला, की तो लागोपाठ तीनदा विकत घेतो. आता भाव वर न्यायचा की तोच ठेवायचा? समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे का, हे ओळखण्याची ती परीक्षा असते. ज्याने ही गणिते वर्षभर वहीत सोडवली आहेत आणि ज्याने वर्षभर मोबाइलवर सौदे केले आहेत, त्या दोघांतला फरक परीक्षकाला पाच मिनिटांत कळतो.

म्हणून पहिल्या वर्षी मुलाने संभाव्यता आणि संख्याशास्त्र पक्के करावे. शाखा वाणिज्य असो वा विज्ञान, यातून सुटका नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांत वाणिज्य शाखेतच वित्तीय बाजार हा विशेष पदवी अभ्यासक्रम आहे. तो चांगला आहे, पण त्यातही गणित कमी पडते, हे लक्षात घेऊन बाहेरून भर घालावी. जॉन हल यांचे वायदे व ऑप्शन यांवरील पाठ्यपुस्तक जगभर वापरले जाते. त्याची पहिली दहा प्रकरणे उदाहरणांसह सोडवणे हे एका सत्राचे काम आहे.

दुसरी गोष्ट संगणकाची. पायथन ही भाषा शिकण्यास वाणिज्य शाखेचा विद्यार्थी कचरतो. कचरण्याचे कारण नाही. सरावासाठी उत्तम साहित्य फुकट उपलब्ध आहे. राष्ट्रीय शेअर बाजार दररोज सौदे संपल्यावर भावकॉपी प्रसिद्ध करतो, ज्यात प्रत्येक शेअरचा उघडता, वरचा, खालचा आणि बंद भाव असतो. मागील पाच वर्षांच्या भावकॉप्या उतरवून घ्याव्यात आणि मित्र किंवा समाजमाध्यमांवरील गुरू ज्या क्लृप्त्या सांगतात त्यांपैकी एकेक त्यावर तपासून पाहावी. दलाली आणि कर वजा केल्यावर त्या क्लृप्तीत काही उरते का? दहातल्या नऊ वेळा उरत नाही, आणि हे स्वतःच्या हाताने सिद्ध करणे हे कोणत्याही सशुल्क शिबिरापेक्षा मोठे शिक्षण आहे. खर्चाची बाब किरकोळ नाही. सेबीच्या त्याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये वैयक्तिक सौदेकऱ्याचा निव्वळ सौद्यांवरचा खर्च माणशी सरासरी २६,००० रुपये होता. पुढे ऑप्शन विक्रीवरील सौदा कर १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रीमियमच्या ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का झाला.

परीक्षांविषयी थोडक्यात. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय रोखे बाजार संस्था, जिचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे, प्रमाणपत्र परीक्षा घेते. इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची आठव्या मालिकेची परीक्षा दलाली संस्थांच्या डीलिंग टर्मिनलवर बसणाऱ्यांना आवश्यक असते. ती आणि जोखीम व्यवस्थापनावरील सातव्या मालिकेची परीक्षा तिसऱ्या वर्षाच्या आत द्याव्यात. सीएफएची पहिली पातळी पदवीला २३ महिने उरले असतानाही देता येते, परंतु ती परीक्षा संशोधन आणि निधी व्यवस्थापनाकडे जाणाऱ्यांना अधिक उपयोगाची. केवळ नावासाठी तिच्यावर खर्च करू नये, असे माझे मत आहे.

उमेदवारीबाबत आपल्या समाजात एक गैरसमज आहे. मुलाला पहिल्याच सुट्टीत डीलिंग डेस्कवर बसवा, असा आग्रह ओळखीच्या दलालाकडे धरला जातो. त्याऐवजी बॅक ऑफिसमध्ये बसवावे. मार्जिन कसे मोजले जाते, रोजचे देणे-घेणे कसे मिटते, शेअर वेळेवर न आल्यास लिलाव कसा होतो, ग्राहकाचा तोटा मार्जिनपलीकडे गेला की कुणाला दूरध्वनी जातो, हे तिथे दिसते. आता शेअरांची पूर्तता सौद्याच्या दुसऱ्याच कामकाजी दिवशी होते, त्यामुळे हे सारे चक्र एका आठवड्यात अनेकदा पाहायला मिळते. दोन महिने हे पाहिलेला मुलगा पुढे डेस्कवर बसला, तर आपल्या एका बोटाच्या दाबाने मागे काय काय हलते, हे त्याला ठाऊक असते.

स्वतःच्या पैशाने काहीच करू नये का? थोडे करावे. पैसे पणाला लागल्याशिवाय मन कसे वागते हे कळत नाही, हे खरे आहे. पण रक्कम अशी असावी की पूर्ण गेली तरी घरात वाच्यता होऊ नये, आणि सौदे केवळ रोखीच्या शेअरांत, डिलिव्हरीने. डेरिव्हेटिव्ह्ज शिकण्याच्या वयात टाळावेत, याचे कारण साधे अंकगणित आहे. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या नव्या करारांचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले. दोन लाखांच्या भांडवलावर असा एक वायदा घेतला आणि निर्देशांक एक टक्का विरुद्ध गेला, तर तोटा १५,००० रुपये, म्हणजे भांडवलाच्या साडेसात टक्के. सलग तीन दिवस असे झाले तर भांडवलाचा जवळजवळ चौथा हिस्सा संपला. व्यावसायिक डेस्कवर एका सौद्यात भांडवलाच्या एका टक्क्याच्या आसपासच जोखीम घेण्याची शिस्त असते. शिवाय २० टक्के गमावलेले भरून काढायला २५ टक्के कमवावे लागतात, ५० टक्के गमावले तर दुप्पट करावे लागते. 'जोखीम' या शब्दाचा आपल्या पेढ्यांवरील जुना अर्थ विश्वासाने सोपवलेली मौल्यवान चीजवस्तू असा होता. अंगडिया 'जोखीम घेऊन निघाला' म्हणजे दागिने घेऊन निघाला. तो अर्थ नव्या पिढीला सांगण्यासारखा आहे.

या छोट्या सरावाचा रोजमेळ ठेवावा. त्यात नफा-तोटा तर असेलच, पण सौदा करण्यापूर्वी लिहिलेले कारण, बाहेर पडण्याचा ठरवलेला भाव, आणि प्रत्यक्षात काय केले, हे तीन रकाने त्याहून महत्त्वाचे. परिग्रहपरिमाण व्रत घेणारा श्रावक मर्यादा शांत चित्ताने, आधी ठरवतो. लोभ समोर उभा राहिल्यावर ठरवत नाही. तोट्याची मर्यादाही अशीच आधी लिहायची असते. संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला बसणाऱ्या घरातील मुलाला दिवसाची चूक कागदावर मांडण्याची सवय अवघड जाऊ नये. मुलाखतीत असा वर्षभराचा रोजमेळ पुढे ठेवणारा उमेदवार विरळा; नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवणारे पुष्कळ असतात, आणि परीक्षक त्यांना हसून निरोप देतात.

हिशेब मात्र ज्याने सौदा केला त्यानेच तपासू नये. लंडनची बेरिंग्ज बँक १७६२ मध्ये स्थापन झालेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये ती बुडाली. सिंगापूर शाखेतील निक लीसन हा २८ वर्षांचा ट्रेडर सौदेही करत होता आणि त्यांची नोंद ठेवणारा विभागही त्याच्याच हाती होता. ८८८८८ क्रमांकाच्या एका खात्यात तो तोटे दडवत गेला, आणि आकडा ८२ कोटी पौंडांच्या वर पोहोचला. त्यानंतर जगभर सौदा करणारे आणि हिशेब ठेवणारे विभाग वेगळे असण्यावर भर आला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनेनुसार ट्रेझरीसारख्या संवेदनशील जागी काम करणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजी दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवले जाते. दडवलेले काही असेल तर त्या दिवसांत ते वर येते. हाच नियम घरात लावता येतो. दलालाकडून येणारी काँट्रॅक्ट नोट आईच्या किंवा बहिणीच्या ईमेलवरही यावी, आणि महिन्यातून एकदा तिने ती रोजमेळाशी ताडून पाहावी. संशय म्हणून नव्हे. पेढीवर मुनीम आणि रोखपाल वेगळे असतात ते काय संशयापोटी?

आणखी एक प्रघात बंद व्हायला हवा. मुलाचे सौदे आईच्या किंवा आजीच्या नावाच्या डीमॅट खात्यातून चालतात. प्राप्तिकराची जबाबदारी, नोटीस, देणे, सारे त्या नावावर येते. त्यातही दिवसाच्या आत मिटवलेला शेअरचा सौदा प्राप्तिकर कायद्याच्या लेखी सट्ट्याचा व्यवसाय ठरतो; त्याचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. आजीने आयुष्यभर द्यूताचा त्याग पाळला आणि विवरणपत्रात तिच्या नावापुढे सट्ट्याचा तोटा लिहिला गेला, असे व्हायला नको.

आजोबांच्या आक्षेपाला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. द्यूत कुठे सुरू होते? भाव उतरण्याच्या भीतीने सराफाने केलेला वायदा द्यूत नाही, आणि वहीत कारण न लिहिता, गमावलेले आज संध्याकाळपर्यंत परत मिळवायचेच म्हणून दुप्पट केलेला सौदा कोणत्याही बाजारात झाला तरी द्यूतच. साधन एकच असते. मात्र अचौर्याचा प्रश्न मला याहून निकडीचा वाटतो, कारण तिथे अनवधानाने पाय घसरतो. आपल्या समाजातील असंख्य मुले-मुली सीएची आर्टिकलशिप करतात. लेखापरीक्षणासाठी गेलेल्या मुलीला एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा तिमाही नफा जाहीर होण्यापूर्वी दिसतो. रात्री जेवताना ती सहज बोलून जाते, आणि सकाळी काका ते शेअर घेतात. सेबीच्या २०१५ च्या विनियमांनुसार काकांचा सौदा हा तर गुन्हा आहेच, पण ती माहिती सांगणे हेदेखील स्वतंत्रपणे निषिद्ध आहे. तिचे करिअर सुरू होण्यापूर्वीच संपू शकते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत राज्याच्या नियमाविरुद्ध व्यापार करणे, म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम, शास्त्रकारांनी फार पूर्वी घातला आहे. डब्बा ट्रेडिंगही त्यातच येते, मग ते कितीही जुन्या ओळखीच्या माणसाकडे चालत असो. ट्रेडरच्या नोकरीत तर याहून कडक शिस्त असते. अनेक डीलिंग रूममध्ये स्वतःचा मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, दूरध्वनीवरील बोलणे ध्वनिमुद्रित होते, आणि स्वतःच्या व कुटुंबाच्या शेअर खरेदीसाठी आधी परवानगी लागते. मुलगा नोकरीला लागला की घरच्या सर्वांनी त्याला 'काय घेऊ?' असे विचारणे बंद करायचे, हे घराने आधीच मान्य केलेले बरे.

बाजारात कधी कधी असे काही घडते की अनुभवी माणसाची पाठ्यपुस्तकेही अपुरी पडतात, याचीही कल्पना विद्यार्थ्याला असावी. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली गेला. टाळेबंदीमुळे आपला मल्टी कमोडिटी एक्स्चेंज त्या काळात संध्याकाळी पाचलाच बंद होत होता. पाच वाजता पिंपाचा भाव हजार रुपयांच्या जवळ होता. करार मिटवले गेले ते उणे २,८८४ रुपयांनी. शंभर पिंपांच्या एका करारावर पावणेचार लाखांहून अधिक तोटा झाला, आणि मधल्या तासांत बाहेर पडण्याचा मार्गच नव्हता. भाव शून्याखाली जाऊ शकत नाही, असे धरून ज्यांनी तेल घेतले होते त्यांनी स्टॉप लॉस लावला होता की नाही, याने काही फरक पडला नाही. त्यांनी किती करार घेतले होते, यानेच पडला.

एवढी तयारी करूनही प्रत्येकाला खुर्ची मिळेल असे नाही. जागा थोड्या असतात. ज्याची निवड होत नाही त्याने जोखीम व्यवस्थापन, सेटलमेंट किंवा संशोधन विभागात प्रवेश घ्यावा. काही वर्षांनी तिथून डेस्कवर गेलेले लोक बाजारात आहेत. आणि जो घरच्या पेढीवर परततो त्याचे शिक्षण वाया जात नाही. सराफी पेढी शंभर ग्रॅमच्या मिनी वायद्याने आपल्या साठ्याला संरक्षण देऊ शकते. किलोभर सोने दुकानात असेल तर तितक्या वजनाचा वायदा विकायचा, दागिना विकला गेला की तेवढा वायदा परत घ्यायचा, म्हणजे भाव कुठेही गेला तरी घडणावळ आणि नफा सुरक्षित राहतो. हे वडिलांना पटवायला त्याला कदाचित पदवीइतकाच काळ लागेल, कारण भाव चढला की वायद्यातला तोटा डोळ्यांना दिसतो आणि साठ्यातला नफा दिसत नाही. लातूरकडच्या सोयाबीनच्या व्यापाऱ्याला हा मार्ग डिसेंबर २०२१ पासून बंद झाला, कारण सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले. तेव्हा ज्या पेढ्यांनी आपला सारा हिशेब त्या एका वायद्यावर बसवला होता त्यांना साठ्याची मर्यादा, उधारीची मुदत आणि खरेदीचे टप्पे नव्याने आखावे लागले. शिकून परतलेल्या मुलाने पहिल्या हंगामात नेमके हेच काम हाती घ्यावे : पेढीवर आज किती माल आहे, भाव दहा टक्के उतरला तर किती रक्कम जाईल, आणि ती सोसण्याची आपली तयारी आहे का, हे एका कागदावर मांडून गादीवर वडिलांपुढे ठेवावे.